आबांची लाइन

"मॅडम, पण ह्यातला खरा अर्थ कुठला?" रेश्मानं विचारलं आणि फळ्यावर फिरणारा माझा मार्कर जागच्या जागी थांबला. प्रश्न काही अवघड नव्हता. सांगलीत विश्रामबागेत माझा क्लास आहे, खाली झेरॉक्सचं दुकान आणि डोक्यावर पत्रा, तिथं असले प्रश्न रोज ढिगानं येतात आणि मी ते उभ्याउभ्या परतवते. स्पर्धा परीक्षेच्या इंग्रजीत हा एक ठरलेला प्रकार असतो. एकच शब्द चार वाक्यांत घालायचा आणि विचारायचं, तिसऱ्या वाक्यातल्या शब्दाला जवळचा शब्द निवडा. त्या दिवशीचा शब्द होता लाइन. तो मी निवडलेला नव्हता, छापील सरावसंचात आला होता; माझ्या हातात असतं तर मी त्याला लांबूनच नमस्कार केला असता. पण मास्तरकीत नाक मुरडून चालत नाही, म्हणून लिहीत गेले होते. रेघ. ओळ. रांग. दोरी. तार. सुरकुती. सीमा. वंश. रूळ. धोरण. नाटकातल्या नटाच्या वाट्याला आलेलं वाक्य. "तुमची लाइन कोणती" असं लग्नाच्या बैठकीत विचारतात तो कामधंदा. जतचा बिरदेव म्हणाला, आमच्याकडं लाइन म्हणजे टँकर आल्यावर घागरींची लागते ती. मागच्या बाकावर कुणीतरी लाइन मारण्याबद्दल पुटपुटलं, हशा झाला, मी म्हटलं तो अर्थ आयोग विचारत नाही, नाहीतर तू एव्हाना तहसीलदार झाला असतास. सगळं कसं रोजच्यासारखं झकास चाललं होतं. आणि तेवढ्यात ही शिराळ्याची रेश्मा, वडील फौजेत असल्यामुळं माझ्या क्लासात मोबाइल चालू ठेवायची परवानगी असलेली एकटीच, तिनं हात वर करून विचारलं, की इतके अर्थ आहेत ते ठीक, पण ह्यातला खरा कुठला.

याचं उत्तर पाठ आहे मला. वाक्य बघायचं, आजूबाजूचे शब्द बघायचे, अर्थ आपोआप कळतो. शब्द एकटा नसतो गं पोरी, असं मी दर वर्षी म्हणते आणि मुलं ते अधोरेखित करतात. त्या दिवशी तोंड उघडलं आणि ते वाक्य बाहेरच येईना. कारण एकटा पडलेला शब्द मी बघून आले होते. आजूबाजूला ना कर्ता, ना क्रियापद, ना मागचं, ना पुढचं. लोणंदजवळच्या आमच्या गावात, सोप्यातल्या लोखंडी कॉटवर, माझे वडील तो एकटा शब्द घेऊन बसलेत, आणि त्यांच्याकडं दुसरा शब्दच नाही. मी पाठमोरी उभी राहिले. फळ्यावरच्या स्वतःच्या अक्षराकडं बघत बसले. रेघ, ओळ, रांग, दोरी, तार. बघता बघता मला वाटायला लागलं, की हे अर्थ नाहीतच, ही आमच्या घरातली माणसं आहेत आणि एकेक जण पुढं येऊन मी का, मी का, असं विचारतोय.

आबा म्हणजे लालासाहेब. फौजेत सिग्नल्सला होते, लाइनमन म्हणून लागले आणि हवालदार होऊन बाहेर पडले. नंतर ऊस, थोडा कांदा, एक म्हैस, आणि सकाळी सगळ्या गावाच्या आधी दाढी. श्रावण संपता संपता अशीच दाढी करताना वस्तरा हातातून पडला आणि त्यापाठोपाठ तेही पडले. माझ्या भावानं, जयराजनं, गाडी काढून साताऱ्याला नेलं. मी सांगलीहून पोचले तोवर उजवं अंग गेलेलं होतं आणि वाचा बसलेली होती. डॉक्टर म्हणाले, जीव वाचलाय, बाकीचं हळूहळू बघू. त्या हळूहळूत आई उशाशी बसून राहिली, जयराज कॉरिडॉरमध्ये फोनवर ऊसतोडीच्या टोळीशी भांडत राहिला, आणि मी, जिला शब्दांवाचून एक मिनिट काढवत नाही, आबांच्या मिटल्या ओठांकडं बघत राहिले. मग एका सकाळी नर्स उशी बदलत असताना ते स्वच्छ, खणखणीत म्हणाले, लाइन. आईनं हातातला पेला तसाच टाकला. जयराजनं खाली जाऊन कंदी पेढे आणले आणि सगळ्या वॉर्डाला वाटले. दुपारी ते पुन्हा बोलले, तेव्हाही लाइन. डॉक्टरांनी नाव विचारलं, लाइन. गाव विचारलं, लाइन. ही कोण, म्हणून आईकडं बोट केलं, तेव्हा त्यांनी आईकडं नीट वरपासून खालपर्यंत बघितलं आणि फार हळू म्हणाले, लाइन. पेढे खाऊन झालेले लोक दुसरीकडं बघायला लागले.

बोलायला शिकवणारी एक तरुण मुलगी यायची तिथं, गोड होती, चित्रांचे पत्ते घेऊन यायची. तिनं आम्हाला समजावलं, की असं होतं काही जणांचं. सगळे शब्द बंद होतात, एखादाच उरतो, आणि माणूस काहीही बोलायला गेला तरी तोच बाहेर पडतो. आपण वेगळं बोलतोय असंही त्याला वाटत असेल. मी विचारलं, त्यांना आमचं कळतं का. ती म्हणाली, कळत असेल, कमी कळत असेल, आज काहीच सांगता येत नाही. मग तिनं आबांसमोर कप, किल्ली आणि कंगवा असे तीन पत्ते मांडून कंगवा दाखवा म्हटलं. आबांनी एकदा पत्त्यांकडं बघितलं, एकदा तिच्याकडं बघितलं, म्हणाले, लाइन, आणि भिंतीकडं तोंड फिरवलं. जयराजनं तिथंच मनाशी काय ते ठरवलं. घरी आणल्यावर चारेक दिवसांत त्यानं मला गोठ्यामागं नेऊन सांगितलं, "अंके, मनाची तयारी ठेव. आबा आत न्हाईत गं. नुसतं अंग हाय." माझा भाऊ वाईट नाही. दोन्ही वेळ अंग पुसतो, कूस बदलतो, औषधाची वेळ चुकवत नाही. पण त्या दिवसापासून तो आबांशी बोलायचा बंद झाला, त्यांच्या डोक्यावरून बोलायला लागला. आबांना भूक लागली असेल, आबांना सावलीत घ्या, असं, त्यांच्या देखत. आई मात्र म्हणायची, येडा हाय त्यो, माणूस जाग्यावर हाय. कशावरनं म्हणतेस, असं विचारलं तर तिला सांगता यायचं नाही. या दोघांच्या मध्ये मी. कुणाचं खरं, हे मला कळायलाच हवं होतं. मला दुसरं काही नको होतं. आबा बरे व्हावेत असं म्हणायचीही हिंमत नव्हती. ते आत आहेत का, आणि असले तर समोर उभी आहे ती अंकिता आहे हे त्यांना ठाऊक आहे का, एवढंच.

आणि त्यांचा तो एकच शब्द आमच्या घरात सगळीकडं लागू पडायचा, हीच पंचाईत होती. आबा सकाळी लाइन म्हणाले की जयराज मोटारीकडं पळायचा. त्याच्या जगात लाइन म्हणजे शेतातली थ्री फेज. ह्या आठवड्यात दिवसा, पुढच्या आठवड्यात रात्री, ती आली की पाणी, गेली की बोंब. माणूस आत नाही म्हणणारा हाच, पण शब्द कानावर पडला की पाय आपोआप विहिरीकडं. आईला वाटायचं, नीरेच्या कालव्यावरनं आणलेली पाइपलाइन फुटली असणार, ह्यांच्या जिवाला तोच घोर. ती बांधावरनं चालत जाऊन ओल बघून यायची आणि त्यांना येऊन सांगायची, न्हाई वं फुटली, कोरडं खडखडीत हाय. रानामागनं पुणे–मिरज रेल्वे जाते, तिथं दुसरी लाइन टाकायचं काम चाललं होतं, तेव्हा आठवडाभर त्यांची कॉट सकाळ-संध्याकाळ मागच्या दारी नेऊन ठेवली, की बघू देत. आणि मी काय केलं? मी शहाणी. मी शब्दकोश काढले. घरी होते नव्हते तेवढे काढले, मोबाइलवर शोधले, त्या चार अक्षरी इंग्रजी शब्दाखाली दोन-दोन रकाने भरून अर्थ निघाले आणि मी एकेक अर्थ मनातल्या मनात आबांना घालून बघितला, शिंप्यानं कापड अंगाला लावून बघावं तसा. सीमा? ते सीमेवर होतेच. तार? ती तर त्यांनी आयुष्यभर ओढली. वंश? जयराजला पोर नाही, तो घोर असेल? सगळेच अंगाला येत होते, म्हणून एकही येत नव्हता.

दिवाळीच्या सुट्टीत मी गेले तेव्हा मात्र शब्दकोश नेला नाही. थकले होते, खरं सांगायचं तर. पहिल्या दिवशी दुपारभर कॉटशेजारी खुर्ची टाकून नुसती बसले, लसूण सोलत, काही न विचारता. आणि मग मला ऐकू यायला लागलं. आईनं चहा आणला, आबांनी घोट घेतला आणि म्हणाले, लाइन, शेवटी आवाज खाली पडला. चहा गार होता. म्हैस ओरडली, तर मान तिकडं करून, लाइन, असं दटावून. रानामागनं गाडी गेली, त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडं बघितलं आणि नाकातून लाइन म्हणाले; गाडीला उशीर झाला होता, मी वेळापत्रक काढून खात्री केली. शेजारचा आकाराम तात्या येऊन आपल्या गुडघ्याचं रडगाणं सांगत बसला तेव्हा आबा प्रत्येक वाक्याला लाइन, लाइन म्हणत होते, आपण व्हय, व्हय म्हणतो तसं, आणि तो उठून गेल्यावर माझ्याकडं बघून एकदाच म्हणाले, लाइन. त्यात तात्याची अख्खी अक्कल मोजून झाली. मी खुदकन हसले. माझ्या हातातला लसूण तसाच राहिला. मी जन्मभर मुलांना शिकवत आले, की एका शब्दाचे पुष्कळ अर्थ असतात, आणि इथं माझ्यासमोर एक माणूस एकाच शब्दात रागावत होता, कंटाळत होता, टिंगल करत होता, बायकोला हाक मारत होता. कोशातले अर्थ त्यापुढं फारच थोडे वाटले. बरं, हे सगळं मलाच ऐकू येतंय की मी आपल्या मनानं भरतेय, याचीही खात्री देता येत नव्हती. जयराजला सांगितलं तर तो म्हणाला, तुला पोरं शिकवायची सवय, तुला सगळ्यात अर्थ दिसतोय.

मग लक्ष्मीपूजन झालं. आईनं आबांना धुतलेला सदरा घातला, टोपी घातली, कॉट पुजेपर्यंत ओढली. आरती सुरू झाली. जयराज ताम्हन धरून, आई टाळ्या वाजवत, मी आपली अधूनमधून शब्द विसरत. दुसऱ्या कडव्याला मागून एक भरदार आवाज आला आणि आम्ही तिघंही चुकलो. आबा गात होते. चाल बिनचूक, ठेका बिनचूक, जिथं आवाज चढवायचा तिथं चढवलेला, जिथं लांबवायचा तिथं लांबवलेला, आणि त्या सगळ्या आरतीत शब्द एकच. लाइन लाइन लाइन, लाइन लाइन. आई आधी फिसकन हसली. मीही हसले. मग आमचं हसू आपोआप थांबलं. आम्ही गायचं सोडून दिलं आणि ते एकटेच गात राहिले, डोळे मिटून, डावा हात मांडीवर ठेका धरत, शेवटच्या कडव्यापर्यंत, एकही ओळ न गाळता. देवाला त्यात काही कमी पडलं असेल असं मला वाटत नाही. आमच्या घरात एवढी भरलेली आरती मी कधी ऐकली नव्हती. जयराज ताम्हन खाली ठेवायचं विसरून उभा होता. निरांजनाचा चटका हाताला बसला तेव्हा भानावर आला, आणि बाहेर गेला.

तरी जयराज म्हणालाच, की चाल वेगळी असती गं, चाल मुरलेली असती, त्यावरनं काय समजत न्हाई. आणि वाईट म्हणजे ते बरोबरही असू शकत होतं. निघायच्या दिवशी सकाळी मी पाया पडायला वाकले तेव्हा आबांनी डाव्या हातानं माझं मनगट धरलं. घट्ट. अजून काय जोर आहे त्या हातात. माझ्या तोंडाकडं बघत म्हणाले, लाइन? शेवटी आवाज वर गेला होता. हा प्रश्न होता, याबद्दल मला कणभर शंका नव्हती. ते मला काहीतरी विचारत होते आणि थांबले होते. बाहेर रिक्षा हॉर्न देत होती, मी लहान पोराला म्हणतात तसं म्हटलं, हो आबा, लाइन लाइन. त्यांनी मनगट सोडलं नाही. पुन्हा म्हणाले, लाइन? मी म्हटलं, येते हं, पुढच्या महिन्यात येते. तेव्हा त्यांनी बोटं एकेक करून सैल केली आणि भिंतीकडं तोंड केलं, त्या कंगवा-किल्लीच्या वेळी केलं होतं तसंच. लोणंद ते सांगली सबंध प्रवासात मला ती सैल होणारी बोटं मनगटावर कळत होती. आताही, फळ्यासमोर उभी असताना कळत होती.

त्या बोटांना तार चांगली ठाऊक होती. मी लहान असताना ते सुट्टीवर आले की अंगणातल्या आईच्या कपडे वाळत घालायच्या तारेवर मला आपलं काम शिकवायचे. डोळे मीट, म्हणायचे, मूठ कर, त्यातनं तार जाऊ दे आणि चाल. "डोळ्यानं न्हाई बघायचं, मुठीनं बघायचं." वर बर्फात, दगडात, दोन चौक्यांमध्ये टेलिफोनची तार जमिनीवर टाकलेली असायची आणि ती तुटायची, दरड पडून, तोफेनं, कधी बकऱ्यांनी चावून. तुटली की लाइनमन निघायचा. तार मुठीत धरून चालत राहायचं, मैल न् मैल, जिथं मूठ रिकामी होते तिथं थांबायचं, दुसरं टोक हुडकायचं, जोडायचं. मग पाठीवरचा फोन तारेला लावायचा आणि चौकीला आवाज द्यायचा. पलीकडनं जाब, म्हणजे उत्तर, आल्याशिवाय तिथनं हलायचं नाही, हा त्यांच्या तुकडीचा कायदा. थंडी असो, वरनं काही पडत असो, जोड आपल्या डोळ्यांना पक्का दिसत असो, हलायचं नाही. मी विचारायची, आणि जाबच आला नाही तर? आबा म्हणायचे, मग पुन्हा आवाज द्यायचा. येईस्तवर द्यायचा.

"मॅडम?" रेश्मा म्हणाली. मी वळले. सगळा क्लास माझ्याकडं बघत होता, बिरदेवनं तर पेन खाली ठेवलं होतं. मी म्हटलं, सांगते. नेमका त्याच वेळी तिचा मोबाइल वाजला. स्क्रीनकडं बघून ती इतक्या घाईनं उठली की बाक करकरला. वडील असे आठ-पंधरा दिवसांतून एकदा, डोंगरावर कुठंतरी रेंज सापडली की फोन करतात, म्हणून तर ती परवानगी. मी मानेनंच जा म्हटलं. ती बाहेर, जिन्यालगतच्या बोळात गेली आणि आम्हाला ऐकू यायला लागलं. हॅलो. हॅलो, पप्पा. हॅलो? हॅलो... ऐकू येतंय का? हॅलो. वर्गात कुणी हसलं नाही. किती वेळ चाललं होतं ते. एकच शब्द, आणि त्या शब्दाला मी कुठल्या कोशातून अर्थ काढून देणार होते? तिला काही सांगायचं नव्हतं, काही मागायचं नव्हतं, निदान अजून नव्हतं. पलीकडं माणूस आहे का, एवढंच ती विचारत होती. मग तिचा आवाज एकदम बदलला. "हां पप्पा! हाय, हाय, ऐकाय येतंय!" आणि नंतर ती हळू बोलायला लागली, आम्हाला ऐकू येईना.

मला गावच्या विकास सोसायटीचं ऑफिस दिसलं. आमच्या गावात तेव्हा फोन तेवढा एकच, खताच्या पोत्यांच्या वासात, काळा, जड. रविवारी सकाळी आबांचा ट्रंक कॉल यायचा. आई त्या यंत्राला भ्यायची, पदर तोंडात धरून लांब उभी राहायची, म्हणून आधी फोन मी उचलायची. सहा-सात वर्षांची असेन. लांबून, वाऱ्यातून आल्यासारखा आवाज यायचा, लाइन? आणि मी जीव खाऊन ओरडायची, लाइन क्लिअर! ऑफिसातली माणसं हसायची. आबा म्हणायचे, शाब्बास, दे आईकडं. संपलं. वर्षानुवर्षं माझ्या वाट्याला वडिलांचं बोलणं आलं ते एवढंच, आणि मला त्याचा राग यायचा. एकदा माझा पहिला नंबर आला होता, तेव्हा मी त्यांच्या लाइनला उत्तरच दिलं नाही, थेट म्हटलं, आबा, माझा पहिला नंबर आला. पलीकडं तसाच आवाज, लाइन? मी पुन्हा नंबर सांगितला. पुन्हा लाइन? शेवटी मी रडकुंडीला येऊन लाइन क्लिअर म्हटलं, तेव्हा कुठं ते म्हणाले, शाब्बास, आता सांग, कितवा नंबर? सगळं ऐकलं होतं त्यांनी. पण आधी जाब पाहिजे होता. आणि आजारपण सुरू झाल्यापासून आमच्यापैकी कुणीही, कुणीही म्हणजे कुणीही, त्यांच्या हातात फोन दिला नव्हता. मी रोज संध्याकाळी आईला फोन करायची, आबा कसे आहेत विचारायची, आई त्यांच्या शेजारी बसून मला सांगायची, आणि आमच्या दोघींच्या डोक्यात कधी आलं नव्हतं. बोलता न येणाऱ्या माणसाला फोन कशाला द्यायचा?

मी वर्गाला पाच मिनिटं वाचत बसा म्हटलं आणि बाहेर आले. बोळाच्या एका टोकाला रेश्मा भिंतीकडं तोंड करून बोलत होती, मी दुसऱ्या टोकाला गेले. खालून झेरॉक्सच्या यंत्राचा खरडल्यासारखा आवाज येत होता. आईनं फोन उचलला आणि आधी घाबरलीच, की आत्ता कसा, क्लास न्हाई का, पोरं बरी हाईत का. मी म्हटलं, आई, आबांना दे फोन.

"त्येंला? त्येंला काय बोलाय येतंय का, येडे?"

"तू दे गं. त्यांच्या हातात दे."

ती काहीतरी पुटपुटली. कॉट करकरली. मग नुसता श्वास ऐकू आला, जरा घरघरता, मोठा. तो श्वास मी ओळखला. आणि मग तो आवाज आला, तोच, कानात अगदी जवळ, तरी कुठल्यातरी डोंगरापलीकडून आल्यासारखा, शेवटी वर गेलेला.

"लाइन?"

पस्तिशी उलटलेली बाई, दोन पोरांची आई, सांगलीतल्या भर बोळात मी जीव खाऊन ओरडले, "लाइन क्लिअर!"

रेश्मानं दचकून मागं बघितलं. फोनमध्ये काही नव्हतं. श्वासही नव्हता. मला वाटलं, झालं, जयराज म्हणतो तेच खरं, मीच आपली एका शब्दाच्या मागं लागून वेडी झाले. मग पलीकडून एक आवाज आला, फार हळू, खाली उतरलेला, पाठीवरचं ओझं जमिनीवर ठेवताना येतो तसा. लाइन. तो शाब्बासचा सूर होता. तो सूर मी जगात कुठंही ओळखीन. त्यानंतर फोन कशालातरी घासला, काहीतरी सरकलं, आणि एकदम आईचा आवाज आला, बावरलेला.

"आगं, त्येंनी फोन माझ्या हातात दिला. डाव्या हातानं, असा पुढं करून. माझ्या कानाला लावला गं त्येंनी... काय म्हणालीस तू त्येंला?"

मी, जिच्या तोंडाला घरातले सगळे घाबरतात ती, भिंतीला टेकले आणि तोंडावर हात धरला. आत मुलं सरावसंच वाचत होती, खाली यंत्र चाललं होतं, आणि लोणंदच्या त्या सोप्यात आई फोनमध्ये ओरडत होती, "हॅलो? हॅलो, अंकिता? हाईस का गं?"

"हाय," मी म्हटलं. "हाय, आई. आबांना सांग, मी हाय."